बडोद्याचा खजिना आणि गावचे वाचनालय

राज्याचा खजिना कोणाकडून भरतो आणि कोणासाठी रिता होतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत त्या राज्याचे खरे स्वरूप दडलेले असते. बडोदे संस्थानचा इतिहास या कसोटीवर पारखून पाहण्याजोगा आहे.

१८९१ च्या खानेसुमारीत संस्थानची लोकसंख्या चोवीस लाखांवर होती; छप्पनच्या दुष्काळाने (१८९९-१९००) होरपळल्यावर १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. अशा वेळी, १९०४ मध्ये, श्रीमंत सयाजीराव महाराजांनी महसुलाचा कारभार अर्थतज्ज्ञ रमेशचंद्र दत्त यांच्या हाती सोपविला. दत्तांच्या कारकिर्दीत जाती व धंदे यांवरील नानाविध जुने ‘वेरे’ जाऊन त्यांच्या जागी प्राप्तिकर आला. कर धंदा वा जात पाहून नव्हे, तर मिळकत पाहून घ्यावा, हे तत्त्व त्यात होते.

खर्चाची बाजूही तितकीच बोलकी आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू झालेला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १९०६ साली सर्व संस्थानास लागू झाला. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असेच विधेयक मांडले. खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थांनी उचलावा, अशी त्यांची योजना होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. जे एका संस्थानाला पेलले, ते साम्राज्याला परवडेना!

साक्षर झालेला मनुष्य वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. पुढे उभारलेल्या ग्रंथालय-व्यवस्थेचा आर्थिक पाया होता तो त्रिभागाचा: एक वाटा गावकऱ्यांचा, एक प्रांत पंचायतीचा व एक सरकारचा. गावाने पंचवीस रुपये जमविले, तर वाचनालयाच्या हाती पंचाहत्तर पडत. अनुदान ही मेहेरबानी न राहता तो भागीदारीचा व्यवहार ठरला, आणि वर्गणी देणारा गावकरी वाचनालयाला आपले म्हणू लागला.

या व्यवस्थेत एक उणीव मात्र होती. ज्या गावाला आपला तिसरा हिस्साही उभारता येत नसे, त्याला उरलेल्या दोन हिश्शांनाही मुकावे लागे. म्हणजे ज्याची गरज मोठी, त्याच्याच पदरी निराशा. ती उणीव काही अंशी भरून काढली फिरत्या ग्रंथालयांनी. पुस्तकांच्या पेट्या सरकारी खर्चाने खेडोपाडी जात. वाचकाला त्यासाठी काही द्यावे लागत नसे.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तरीही त्या हिशेबाचा धडा शिळा झालेला नाही: लोकांचा वाटा संस्थेला जिवंत ठेवतो, पण ज्याच्याकडे वाटा देण्याची ऐपत नाही, त्याच्या दारापर्यंत जाणे हे सरकारचेच कर्तव्य होय.