मेथिलेशन : जनुकांचे कुलूप आणि कर्करोग

कर्करोग म्हणजे जनुकांच्या अक्षरांत झालेला बिघाड, अशी धारणा दीर्घकाळ प्रचलित होती. मात्र, अक्षरे जशीच्या तशी असतानाही एखादे जनुक मुके होऊ शकते. डीएनए मेथिलेशन ही यामागील एक प्रमुख प्रक्रिया होय.

डीएनएतील सायटोसिन या घटकाला विशिष्ट विकरे मेथिल गट जोडतात. जनुकाच्या आरंभीच्या नियंत्रक भागात असे गट दाटले की, त्या जनुकाचे वाचन थांबते. निरोगी शरीरालाही ही व्यवस्था आवश्यक असते. स्त्रियांच्या पेशींतील दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय ठेवण्यात तिचा वाटा असतो.

कर्करोगात ही घडी दोन्ही बाजूंनी विस्कटते. एकीकडे एकूण मेथिलेशन घटून गुणसूत्रे अस्थिर होतात. अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९८३ मध्ये मानवी कर्करोगातील ही घट दाखवून दिली. दुसरीकडे, रोगाला आळा घालणारी जनुकेच कुलूपबंद होतात. पी१६ बंद पडले की पेशीविभाजनाचा लगाम सुटतो. एमएलएच१ बंद पडले की डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त होत नाहीत. नवे दोष साचत जातात आणि रोग पुढे सरकतो.

हेच कुलूप कधी रुग्णाच्या पथ्यावरही पडते. एमजीएमटी हे जनुक औषधाने डीएनएला केलेली इजा भरून काढते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात ते बंद असेल, तर टेमोझोलोमाइड अधिक परिणामकारक ठरते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे जनुक बंद असलेल्या रुग्णांपैकी किरणोपचारासह हे औषध घेणारे सुमारे ४६ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. प्रारंभी केवळ किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते.

जनुकातील अक्षर बदलले की ते पूर्ववत करणे कठीण. मेथिल गट मात्र हटविता येतात. अमेरिकेत २००४ मध्ये अॅझासायटिडिन आणि २००६ मध्ये डेसिटाबिन या औषधांना अस्थिमज्जेच्या मायलोडिस्प्लास्टिक विकारांसाठी मान्यता मिळाली. तथापि, ही औषधे नेमके एकच जनुक निवडत नाहीत आणि घन गाठींच्या कर्करोगात त्यांना तितके यश आलेले नाही. हवे तेच कुलूप उघडणे, हे संशोधकांपुढील खरे आव्हान आहे.