आगबोटीवरील साहेबी ताट

गोंदियाहून कोणताही समुद्र गाठावयाचा झाला तरी आगगाडीत एक रात्र काढावीच लागते. अशा गावी बसून आगबोटीवरील जेवणाचा इतिहास लिहावयास घेणे हा वाचकांस थोडासा आगाऊपणा वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटला असता. परंतु गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला आणि त्याने हा विषय आमच्या टेबलावर अक्षरशः आणून ठेवला. तो आज कित्येक वर्षे एका परदेशी प्रवासी जहाजावर आचारी आहे. आमच्याकडे असताना इतिहासात त्याला फारशी गती नव्हती, पण आमचे व्यसन त्याच्या ध्यानात होते. म्हणून मिठाईऐवजी त्याने जहाजावरील एक छापील भोजनपत्रिका आणली. तिच्या माथ्यावर 'पारंपरिक इंग्रजी पबचे जेवण' असे शब्द होते. खाली तळलेला मासा व बटाट्याचे काप, कुस्करलेल्या बटाट्यासह सॉसेज, बियरमध्ये शिजविलेल्या गोमांसाचा पाय, 'शेफर्ड्‌स पाय' आणि 'प्लाउमन्स लंच', म्हणजे नांगऱ्याची न्याहरी.

त्याची आईही बरोबर आली होती. तिने पत्रिका उलटसुलट करून पाहिली व आम्हांस विचारले, "सर, माहा पोरगा तिकडे गोऱ्या लोकाइले काय रांधून घालते जी?" पोराने आमच्याकडे पाहिले. आम्ही यादीतील निरुपद्रवी ओळ निवडली आणि "आलू" असे उत्तर दिले. ते खोटे नव्हते. पण इतिहासाच्या अध्यापकास शोभेल इतके खरेही नव्हते. ती गेल्यावर आमच्या मनास जी टोचणी लागली, तिचे फळ हा लेख होय. मुलाचे नाव व गाव आम्ही मुद्दामच लिहीत नाही.

प्रथम त्या 'पारंपरिक' शब्दाचा समाचार घेऊ. पबला नुसता गुत्ता म्हणणे अन्यायाचे होईल. गावची चावडी, पारावरची बैठक आणि पेला यांचे मिश्रण म्हणजे पब. परंतु एकोणिसाव्या शतकात तेथे माणूस जाई तो मुख्यत्वे पिण्याकरिता. खावयास पाव, चीज, सिरक्यात मुरवलेले अंडे अथवा कांदा, फार तर डुकराच्या मांसाचा गार पाय. तेथे ऊन ऊन ताट सर्रास मिळू लागले ते बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतर. नांगऱ्याच्या न्याहरीची कथा तर मोठी गमतीची आहे. शेतमजुराने पाव, चीज आणि कांदा फडक्यात बांधून नेणे ही गोष्ट जुनीच; पण त्या नावाचे, पानात मांडून विकावयाचे ताट प्रसिद्धीस आणले ते चीज विकू पाहणाऱ्या संस्थांनी. युद्धकाळापासून चाललेले चीजचे रेशन १९५४ साली उठले. लोकांस पुन्हा चीज खावयास लावावे, म्हणून त्या दशकात चीज ब्यूरोने आणि पुढे १९६० नंतर मिल्क मार्केटिंग बोर्डाने या ताटाचा जाहिरातींतून पुकारा केला. पुराणपुरुष म्हणून मिरविणारा हा नांगऱ्या वयाने आमच्याहून फार तर पंधरा-वीस वर्षांनी वडील आहे!

त्या ताटात कांद्याशेजारी एक गोडसर आंबट पदार्थ असतो. इंग्रज त्यास चटणी म्हणतो. शब्द आपला, त्यातली साखर त्याची. रोवणीच्या दिवसांत आमच्या धानाच्या बांध्यांवर गुडघाभर चिखलातून वर येऊन बाया शिळा भात, कांदा व मिरचीचा ठेचा खातात. तिला कोणी अद्यापि जाहिरातदार भेटलेला नाही, एवढाच काय तो फरक.

तळलेल्या माशाची वंशावळही अशीच मिश्र आहे. पीठ लावून मासा तळण्याची रीत स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी इंग्लंडात नेली. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ मॅलिन नावाच्या ज्यू गृहस्थाने मासा व बटाट्याचे काप एकत्र विकले, असे लंडनकर म्हणतात. १८६३ च्या सुमारास मॉस्लीच्या जॉन लीसने ते प्रथम केले, असा उत्तरेकडील लोकांचा दावा. या भांडणात आम्ही पडत नाही. बटाटा मात्र अमेरिकेचा, आणि आपल्याकडे त्याचे नावही पोर्तुगीज. पाव हा शब्दही त्यांचाच. साहेबाच्या ताटाकडे जावयाचे तर वाट गोव्यावरून जाते, हे येथेच वाचकांच्या लक्षात आले असेल.

आता आगबोटीकडे वळू. १८३७ साली टपालाच्या कंत्राटावर उभी राहिलेली आणि १८४० मध्ये सनद मिळून 'ओरिएंटल' झालेली पी. अँड ओ. कंपनी हिंदुस्थान व विलायत यांच्यातील प्रवासाची जणू मक्तेदारच होती. प्रारंभीच्या काळी भाड्यातच मद्य धरलेले असे. बर्फयंत्रे येण्यापूर्वी ताज्या मांसाकरिता व दुधाकरिता मेंढ्या, कोंबड्या, गायी जिवंतच डेकवर बांधीत. म्हणजे प्रवाशाचे पहिले शेजारी त्याचे पुढील जेवणच असे. वरच्या वर्गाच्या भोजनपत्रिकेवर फ्रेंच नावांचा सोस होता. नांगऱ्याचा पाव-कांदा तेथे मांडणे म्हणजे अपमान समजला गेला असता. गरिबाचे अन्न 'परंपरा' म्हणून जहाजावर चढले ते जहाज प्रवासाचे साधन न राहता करमणुकीचे ठिकाण बनल्यानंतर. २००४ साली पहिल्या सफरीस निघालेल्या 'क्वीन मेरी २' या प्रचंड बोटीवर 'गोल्डन लायन' नावाचा पबच आहे, आणि तेथे दुपारी मासा व काप मिळतात.

आपल्या लोकांस या आगबोटीच्या ताटाची जी भीती होती, ती आज हसण्यावारी नेली जाते. ते बरे नव्हे. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली, सुएझचा कालवा उघडून पुरते वर्षही झाले नव्हते तेव्हा, विलायतेस गेले; परतताना फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर रोजी ऐन तारुण्यात वारले आणि आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. त्यांचे स्मारक तेथे आजही आहे. १८८८ साली मुंबईहून निघालेला तरुण मोहनदास गांधी काट्या-चमच्याच्या संकोचाने आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याच्या लाजेने भोजनगृहात गेलाच नाही. बरोबरच्या मिठाईवर व फळांवर त्याने दिवस काढले. जयपूरच्या माधोसिंग महाराजांनी १९०२ मध्ये अख्खी बोटच भाड्याने घेतली आणि चांदीच्या अजस्र घागरींतून गंगाजल नेले. ज्याच्या पदरी चांदी नव्हती त्याने काय करावे? समुद्र तर दूरच. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे केला गेला, तेव्हा ग्रामण्य उभे राहून न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली. त्या ग्रामण्याचा शेवटचा पडसाद आम्ही आमच्याच बैठकीत, गोंदियात, परवा ऐकला. आणि उत्तर देताना आम्हीही चाचरलो.

परंतु ज्या ताटाची येथे एवढी धास्ती, ते रांधीत कोण होते? हा प्रश्न आपल्या प्रवासवर्णनकारांस क्वचितच सुचला. पी. अँड ओ.च्या बोटींवर कामाची वाटणी ठरलेली असे. डेकवर कोकण-गुजरातेकडील मुसलमान खलाशी, त्यांचा सारंग व तांडेल; इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडील माणसे; आणि भोजनगृह, पेंट्री व प्रवाशांच्या खोल्या यांकडे गोव्याचे ख्रिस्ती. खलाशांचा स्वयंपाक निराळा. त्यांचा भंडारी तांदूळ, डाळ, तूप यांचा शिधा घेऊन वेगळी चूल चालवी. म्हणजे एकाच लोखंडी पोटात दोन चुली धगधगत, आणि दोहींवरचे हात आपलेच. गोवेकरास गोमांस, डुकराचे मांस वा मद्य यांचा विटाळ नव्हता. पोर्तुगीज अमलाखाली पाश्चात्त्य खाण्याची सवय झालेली. आणि पगार गोऱ्या कामगाराच्या मानाने फारच थोडा. कंपनीस आणखी काय हवे होते?

या लोकांस गोव्यात 'तारवटी' म्हणतात. एका सफरीवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत त्यांचा मुक्काम मुंबईत धोबीतलावच्या आसपास 'कूड' नामक सामाईक खोल्यांत असे. एकेका गावाची एकेक कूड. भिंतीशी ओळीने ट्रंका, एका बाजूस देव्हारा, सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरीची प्रार्थना, आणि ती चुकविण्यास मुभा नाही. आज कोणाचे नाव लागले, कोणत्या बोटीवर लागले, कोणाचे गलबत बुडाले, या वार्ता त्या ट्रंकांवर बसून वाटल्या जात. काही कुडी अजून उभ्या आहेत. गोव्यातील पुष्कळ घरांची कौले, पोरांच्या शाळेची फी आणि बहिणींची लग्ने विलायती पुडिंगांवर निघाली, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

अशा हातांतून गेलेले अन्न जसेच्या तसे कसे राहील? पी. अँड ओ.च्या दुपारच्या जेवणात करी ठरलेली असे. न्याहरीस 'केजरी' म्हणजे आपली खिचडी, तिच्यात मासा व अंडे घालून बाटविलेली. सूप म्हणून तमिळांचे मिळगुतण्णी, साहेबाच्या जिभेने वाकवून 'मलिगटॉनी' केलेले. उलट दिशेनेही देवघेव झाली. गोव्याच्या व मुंबईच्या ख्रिस्ती घरांतून 'पोटॅटो चॉप' करतात: बाहेर कुस्करलेला बटाटा, आत खिमा, वर तळणे. शेफर्ड्‌स पायमध्ये खाली खिमा व वर बटाटा. हा त्याचाच आतबाहेर केलेला भाऊबंद असावा, असा आमचा तर्क आहे. पुराव्याचा आग्रह कोणी धरू नये.

पबमधील पेयाची गोष्ट याहून बोलकी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळील बो येथे हॉजसनची भट्टी होती. तिची बियर कंपनीच्या जहाजांतून केपला वळसा घालून कित्येक महिन्यांनी हिंदुस्थानात पोहोचे, आणि वाटेतील उष्म्याने बिघडण्याऐवजी सुधारे. पुढे बर्टन गावच्या भट्ट्या या धंद्यात शिरल्या, आणि 'इंडिया पेल एल' हे नाव इंग्लंडातच रूढ झाले. तेव्हा जहाजावरील आजच्या पबात ती बियर ओतली जाते, तेव्हा ती परक्या ठिकाणी आलेली नसून माहेरी आलेली असते.

या सर्वांत आमच्या गोंदियाचा संबंध एवढाच की, आगबोटीवरून उतरलेले साहेबी जेवण रुळांवरून देशभर पसरले. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेच्या हाती गेली, १८९१ साली मार्ग आसनसोलपर्यंत जोडला गेला, आणि मुंबईस उतरून कलकत्त्यास जाणाऱ्यास गोंदियावरून वाट झाली. आमच्या लहानपणी स्टेशनावर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मिळणारे कटलेट हे त्या वैभवाचे अखेरचे पिंडदान होते. आत मांसाऐवजी बीट व बटाटा, आणि सोबत लाल भडक सॉस, ज्यात टोमॅटो असल्याचा केवळ लौकिक होता. आम्ही ते वडिलांच्या नकळत खात असू. वडीलही ते आमच्या नकळत खात, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

१९६७ साली सुएझचा कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. तोवर प्रवासी विमानात बसू लागले होते आणि टपालबोटींचा जमाना संपला होता. पण तारवटी संपला नाही. आज पी. अँड ओ.च्या सफरीच्या बोटींवर गोवा-मुंबईकडील पुष्कळ माणसे कामास आहेत. कंपनीच्या कित्येक बोटींवर तिचे एक संस्थापक ब्रोडी विलकॉक्स यांच्या नावाचा 'ब्रोडीज' पब आहे, तर २०१० पासून काही बोटींवर 'सिंधू' नावाचे हिंदी पदार्थांचे भोजनगृहही आहे. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ साली 'चिकन टिक्का मसाला' हाच खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे सांगितले, तेव्हा ते विनोद करीत नव्हते. पूर्वी हे काम समुद्रकाठच्या लोकांचे होते. आता धानाच्या बांधीतला पोरही त्या चुलीपाशी उभा राहिला आहे, हे नवीन. त्याच्या मागे कूड नाही, ट्रंकेवर बसून बातमी सांगणारा गाववाला नाही. गोव्याच्या तारवट्यास आपण काय रांधतो हे घरी लपवावे लागत नव्हते; याला लागते.

हे सर्व आम्ही त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, हे आईला कोण सांगणार?" आम्ही सांगू, असे म्हणण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने घरी तो शेफर्ड्‌स पाय केला. मांसाच्या जागी वाटाणे व लाखोळीची डाळ, वर कुस्करलेला बटाटा, चुलीवर झाकण ठेवून त्यावर निखारे. एक वाडगे आमच्याकडेही आले. बटाट्याचा थर छान तांबूस झाला होता. मात्र आईने वरून लसणाची व लाल तिखटाची फोडणी ओतली, तेव्हा त्याची कृती बिघडली, असे तो काहीशा खेदाने म्हणाला.