कर्ता एक की अनेक?

१८३६ साली दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. 'मजुराने भाकरी खाल्ली' यात क्रियापद भाकरीमागे जाते. इंग्रजीत ते कर्त्याचेच ऐकते. सोनारी १९४८ पर्यंत निजामी राज्यात, कारभार उर्दूत. इंग्रजीचा हा मेळ आम्ही कायद्याच्या कागदांवरच शिकलो.

१९२६ च्या कामगार संघटना कायद्यान्वये सात सभासद नोंदणीचा अर्ज करू शकत. तिथे क्रियापद अनेकवचनी. नोंदणी होताच संघटना कायद्याने एकच व्यक्ती ठरे. मग 'युनियन डिमांड्स' असे एकवचन. सभासद मनात असले, तर इंग्रज 'युनियन डिमांड' असे अनेकवचनही लिहितो. आम्हांस एकवचनच प्रिय. सात तोंडांची मागणी फोडता येते. एका कर्त्याची फोडणे अवघड.