जॉन पंच ते ओबामा : मालकाच्या कागदात सापडलेला पूर्वज

बराक ओबामा यांच्या घराण्यात कोणी गुलाम होते का, असे विचारले की लोक लगेच त्यांच्या काळ्या वडिलांकडे बोट दाखवतात. पण वडील केनियाचे. ते विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले होते, त्यांचे पूर्वज तिथे कधी गुलाम नव्हते. मग शोध घेणाऱ्यांना गुलाम पूर्वज सापडला कुठे? ओबामांच्या आईकडे! कॅन्ससमध्ये जन्मलेल्या स्टॅनली अ‍ॅन डनहॅम या गोऱ्या बाईच्या वंशावळीत!

२०१२ साली अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळ शोधणाऱ्या कंपनीच्या अभ्यासकांनी हा निष्कर्ष जाहीर केला. त्या पूर्वजाचे नाव जॉन पंच. हा पूर्वज कोणत्या कागदातून सापडला, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे.

९ जुलै १६४०. अमेरिकेतील व्हर्जिनिया ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. ह्यू ग्विन नावाच्या जमीनदाराचे तीन नोकर पळून मेरीलँडमध्ये गेले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश आणि तिसरा आफ्रिकी, म्हणजे जॉन पंच. गुन्हा एकच. तिघांनाही प्रत्येकी तीस फटके. पुढे मात्र न्यायालयाने रंग पाहिला. दोघा गोऱ्यांची चाकरी चार वर्षांनी वाढवली. काळ्या जॉन पंचला मरेपर्यंत मालकाची चाकरी करण्याची शिक्षा दिली. त्या वेळी व्हर्जिनियात गुलामीचा कायदा लिहिलेला नव्हता. आधी निकाल झाला, कायदा मागाहून आला!

या माणसाने स्वतः लिहिलेला एकही शब्द उरलेला नाही. तो इतिहासात आहे तो केवळ त्याला शिक्षा करणाऱ्यांनी केलेल्या नोंदीमुळे. ज्या कागदाने त्याला जन्मभर बांधले, त्याच कागदाने पावणेचारशे वर्षांनी त्याच्यावरच्या अन्यायाची साक्ष दिली.

पंचपासून पुढची साखळी जोडणे सोपे नव्हते. व्हर्जिनियातील अनेक जुनी दप्तरे जळाली आहेत. अभ्यासकांनी उरलेले जमिनीचे व कोर्टाचे कागद चाळले. त्यांत ‘बंच’ हे आडनाव सापडले. जॉन बंच नावाचा माणूस स्वतंत्र होता, जमीनधारक होता. मग बंच घराण्यातील थेट पुरुष वंशजांची वाय गुणसूत्राची तपासणी झाली आणि मूळ आफ्रिकेत निघाले. पंच आणि बंच ही बापलेकाची जोडी असावी, हे अनुमान त्यावर उभे आहे. ‘बहुधा’ हा शब्द अभ्यासकांनी प्रामाणिकपणे ठेवला आहे, आपणही तो ठेवला पाहिजे.

बाप जन्मभराचा बंदी, मग मुलगा स्वतंत्र कसा? अभ्यासकांच्या मते त्याची आई गोरी, स्वतंत्र स्त्री होती. आईमुळे मूल स्वतंत्र राहिले. पण हाच नियम काळ्या आईच्या मुलांसाठी फास ठरला. एलिझाबेथ की ही इंग्रज बाप आणि आफ्रिकी आईची मुलगी. तिने कोर्टात दावा लावला. बाप कोण होता याची साक्ष म्हाताऱ्या माणसांनी दिली आणि १६५६ साली ती स्वतंत्र झाली. इंग्रजी रिवाजात मूल बापाच्या दर्जाचे मानले जाई. मालकवर्गाला हे परवडणारे नव्हते. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदा केला : आईची जी अवस्था, तीच मुलाची. म्हणजे मालकाने गुलाम स्त्रीवर अत्याचार करायचा आणि त्यातून जन्मलेले मूलही मालकाचीच मालमत्ता! १६९१ साली काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरही बंदी आली. १७०५ मध्ये याच बंच घराण्यातील एका तरुणाचे गोऱ्या स्त्रीशी लग्न लावायला पाद्र्याने नकार दिला, तेव्हा त्याला सरकारदरबारी अर्ज करावा लागला.

हे वाचताना बाबासाहेबांची आठवण येणारच. १९१६ साली अमेरिकेतच, कोलंबिया विद्यापीठात, त्यांनी जातींवरील निबंध वाचला. स्वजातीतच लग्न करण्याचे बंधन हेच जातीचे मूळ आहे आणि ते टिकवण्यासाठी स्त्रीवर निर्बंध लादले गेले, हे त्यांनी त्यात दाखवले. जात आणि वंश एक नाहीत, हेही बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले. म्हणून आम्ही दोन्ही व्यवस्था एकच आहेत असे म्हणत नाही. पण कोणाचे मूल कोणत्या दर्जाचे हे ठरवण्यासाठी स्त्रीच्या कुशीवर पहारा बसवायचा, ही युक्ती दोन्हीकडे दिसते.

आणि रक्तशुद्धीचा टेंभा? ‘जातिसंहार’मध्ये बाबासाहेबांनी दे. रा. भांडारकरांचा दाखला देऊन सांगितले की भारतात परकीय रक्ताची सरमिसळ नसलेला वर्ग जवळजवळ नाहीच. तिकडे कायदे, फटके आणि पाद्री सगळे उभे करूनही एका गोऱ्या घराण्याची मुळे जॉन पंचपर्यंत पोचली. शुद्ध रक्त हे सत्ता टिकवण्यासाठी सांगितलेले असत्य आहे.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांना पणजोबाच्या पलीकडचे नाव माहीत नसते. हा आपला दोष नाही. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी आपल्याला नावानिशी लिहिलेच नाही. पण म्हणून कागदाकडे पाठ फिरवू नका. चवदार तळ्याचा खटला आठवा. अस्पृश्यांना पाणी न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असा सनातन्यांचा दावा होता. बाबासाहेब तो दावा कोर्टात लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की तशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. ‘पूर्वीपासून असेच आहे’ असे कोणी म्हटले की पुरावा मागायचा, हे आपण त्या खटल्यातून शिकलो.

आजीला तिच्या आईचे नाव विचारा, लिहून ठेवा. शाळेचा जुना दाखला, वतनाचे कागद, कोर्टाचे निकाल जपून ठेवा. मालकाने लिहिलेले कागद मालकाच्या नजरेने वाचू नका, जॉन पंचच्या नजरेने वाचा. विषमता देवाने दिलेली नाही. ती कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टात, कोणाच्या फायद्यासाठी लिहिली गेली, हे शोधता येते. आणि जी माणसांनी लिहिली, ती माणसांना खोडताही येते.

जय भीम!