परतीची बरणी

घरी केलेले लोणचे, मेतकूट, मोरावळा किंवा साजूक तूप कॉफीच्या नाहीतर जामच्या रिकाम्या बरणीत भरून नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना देण्याची पुण्यातली रीत वाटते तितकी जुनी नाही. पदार्थ जुने आहेत, देण्याघेण्याची चालही जुनी आहे. काचेची बरणी मात्र या व्यवहारात रुळली ती विसाव्या शतकात, आणि दुसऱ्याच कशाबरोबर फुकट घरात येणारी बरणी तर त्या शतकाच्या उत्तरार्धात. बरणी कोणाची, देणाऱ्याची की घेणाऱ्याची, या प्रश्नाचे उत्तर मधल्या काळात दोन-तीनदा बदलले. रीतीचा इतिहास बराचसा त्या उत्तरांचाच आहे.

काच येण्यापूर्वी आंबट-खारट पदार्थ साठवण्याची सोय मर्यादित होती. तांब्या-पितळेच्या भांड्यात लोणचे ठेवले तर ते कळकते. आम्ल आणि मीठ धातूला खातात आणि पदार्थाला हिरवट रंग व कडसर चव येते. कल्हई हा त्यावरचा उपाय, पण कथिलाचा तो पातळ थर झिजतो आणि वर्षभराच्या साठवणीला पुरत नाही. म्हणून रोजच्या आंबटाला दगडी, ताकाला मडके आणि लोणच्या-मुरांब्याला चिनी मातीची बरणी अशी वाटणी पडली. पांढरट अंगाची, तपकिरी खांद्यांची ही बरणी धुऊन उन्हात वाळवायची, आत हिंगाची धुरी द्यायची, फोडी भरल्यावर वर तेल येईल असे पाहायचे आणि तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायचा. एवढे झाले की ती फळीवर किंवा कोठीच्या कोपऱ्यात बसे आणि सहसा तिथून हलत नसे. ती जड होती, महाग होती, आणि सोवळ्यातल्या लोणच्याला बाहेरचा हात लागलेला चालत नसे. पाळीतल्या बाईची सावली पडली तर बरणी नासते, असा पक्का समज होता. बुरशी खरी येई ती ओल्या चमच्याने.

द्यायचे असे ते वाटीतून. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतल्या वाड्यांत एकाच चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे नांदत, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यात अंतर असे पाच-पंचवीस पावलांचे. नव्या लोणच्याची चव दाखवायला वाटी, दिवाळीच्या फराळाला विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट, चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे. एवढ्या अंतराला झाकण लागत नाही. वाटी परत जाई, आणि ती रिकामी पाठवायची नसे. दुसरे काही नसले तर चमचाभर साखर तरी घालायची, हा शिरस्ता महाराष्ट्रात सगळीकडेच होता. भांड्यांवर नावे घालून घेण्याची पद्धत या रहाटीत उपयोगी पडे. लग्नात आलेल्या पातेल्यावर, फुलपात्रावर नाव आणि तारीख कोरलेली असे. भांडे कोणाचे याबद्दल शंकेला जागा नव्हती. पदार्थ दिलेला, भांडे उसने. या रीतीतला तो पहिला नियम.

काचेच्या बाटल्या पुण्यात मोठ्या संख्येने आल्या त्या इंग्रजी अमलाबरोबर. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर शहराच्या पूर्वेला लष्कर वसले, १८५८ मध्ये रेल्वे आली, आणि औषधे, मद्य, सुगंधी द्रव्ये असा बाटलीबंद माल सहज पोचू लागला. रिकाम्या बाटलीला तेव्हा किंमत होती. तिच्या व्यापारावर मुंबईत माणसे जगत. पारशांमधले बाटलीवाला हे आडनाव त्या धंद्याची खूण आहे. पेठांतल्या स्वयंपाकघरात तिला शिरकाव मिळायला मात्र वेळ लागला, कारण प्रश्न बाटलीच्या काचेचा नसून तिच्यात आधी काय होते याचा होता. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे संकट, आले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. कपभर चहावरून प्रायश्चित्ताचा खल चालणाऱ्या शहरात परदेशी दारूची बाटली धुऊन तीत लिंबाचे लोणचे भरणे सोपे नव्हते.

आधी आत आली ती औषधाची बाटली. दवाखान्यात जाताना घरूनच रिकामी बाटली न्यायची, कंपाउंडर तीत मिक्श्चर भरून देई आणि बाहेरून मात्रा दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवी. ही पद्धत पुण्यात स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे टिकली. बाटली फेकायची नसते, उकळत्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरायची असते, हा धडा अनेक घरांनी दवाखान्याच्या रांगेत गिरवला असे म्हणायला हरकत नाही.

काचेला प्रतिष्ठा मिळाली ती स्वदेशीच्या चळवळीत. दर माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभा करायचा, या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेला टिळकांनी पाठिंबा दिला आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना सुरू झाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे तिथले पहिले तज्ज्ञ व्यवस्थापक. कारखाना नफ्यासाठी जितका, तितकाच काचेचे कारागीर तयार करण्यासाठी होता, आणि तिथे शिकलेली माणसे पुढे इतरत्र पसरली. १९१६ मध्ये औंध संस्थानच्या मदतीने कराडजवळ ओगल्यांचा कारखाना उभा राहिला. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर टांगला गेला. दिव्यांच्या चिमण्या आणि कंदील हा या कारखान्यांचा लौकिक खरा, पण त्यांनी एक आडवळणाचे कामही केले. विलायती मालाचे वेष्टन असलेली काच आता आपल्याच जिल्ह्यातल्या भट्टीत, लोकांनी दिलेल्या पैशातून ओतली जाऊ लागली. तिला नाक मुरडण्याचे कारण कमी झाले.

काचेचा सर्वांत शोभिवंत उपयोग संक्रांतीत दिसे. काटेरी हलवा घरी करणे हे कित्येक दिवसांचे काम: मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, वर थेंबाथेंबाने पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहणे. इतक्या कष्टाने आलेला काटा दमट हवेत तासाभरात बोथटतो. घट्ट बुचाच्या बाटलीत तो टिकतो आणि बाहेरून दिसतोही. डब्याला हे दुसरे साधत नाही. सुगरणपणाचे प्रदर्शन हा रुखवताचा एक हेतू असल्याने रुखवतातही हलवा, मुखवास, रंगीत बडीशेप अशा बाटल्या ओळीने मांडल्या जात. घरी केलेला पदार्थ देण्याबरोबरच दाखवण्याचीही वस्तू ठरला तो काचेमुळे. बाटल्या अजून मोजक्याच होत्या, तेव्हा त्या परत मागितल्या जात. एक अडचण तेवढी नवी होती. काचेवर भांड्यासारखे नाव सहज कोरून घेता येत नाही. कागदाची चिठ्ठी पहिल्या धुण्यात निघून जाते, आणि कोणाची बाटली कोणाकडे राहिली याचा हिशेब केवळ आठवणीवर चालतो. उसने भांडे आणि दिलेले भांडे यांतली रेघ पुसट झाली ती इथपासून.

स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत चार-पाच गोष्टी जुळून आल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. एसटीचे जाळे पसरले तशी कोकणातून, सातारा-सांगलीकडून शिकायला आणि नोकरीला आलेल्यांची खाण्याची रसद ओळखीच्या माणसाबरोबर पुण्यात येऊ लागली. वर्तमानपत्र आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली मांडीवर घेऊन प्रवास करायचा; ती कलंडली तर आंब्याच्या लोणच्याचे तेल पिशवीसकट कपड्यांना लागे. याच सुमारास बाजारात बाटलीबंद पेये आणि खाद्ये वाढली. बोर्नव्हिटा भारतात १९४८ मध्ये आले. हॉर्लिक्सचे उत्पादन १९६० च्या सुमारास पंजाबातल्या नाभा इथे सुरू झाले. जाम आणि झटपट कॉफी मध्यमवर्गीय फळीवर दिसू लागली. या बरण्यांची घडण लोणच्यासाठी ठरवूनही इतकी जमली नसती: तोंड हात जाईल एवढे रुंद, झाकण आट्यांचे, तळ सपाट. हॉर्लिक्स संपण्याची वाट पाहणारी गृहिणी हा त्या काळाचा विनोद होता आणि वस्तुस्थितीही.

अशी बरणी ना देणाऱ्याने विकत घेतलेली, ना घेणाऱ्याने. तिची किंमत आधीच हॉर्लिक्समधून किंवा कॉफीतून वसूल झालेली. त्यामुळे ती परत मागणे कद्रूपणाचे वाटू लागले आणि परत करणे ऐच्छिक झाले. पुण्याने या ऐच्छिकतेचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. ‘बरणी सावकाश द्या’ हे वाक्य ती परत हवी आहे, हे सांगण्याची सभ्य रीत ठरली. आणि बरणी परत येताना साखरेच्या जागी आता लसणाची चटणी, डिंकाचे दोन लाडू किंवा घरच्या झाडाची चार लिंबे येत.

बरणीत काय भरले जाई, तेही याच काळात स्थिरावले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले. त्यातल्या नेमक्या मापांनी, सासू किंवा आई जवळ नसलेल्या कित्येकींना स्वयंपाकाचा भरवसा दिला. १९६२ पासून पुण्यातच प्रवीण मसालेवाले तयार मसाले विकू लागले होते, आणि पुढे विकतची लोणचीही घरोघर पोचली. विकतचे सहज मिळू लागल्यावर घरच्या वस्तूचे मोल घटेल असे वाटावे, झाले उलट. गोडा मसाला, मेतकूट, कैरीचा तक्कू, कारळाची चटणी हे आता गरजेपोटी करण्याचे जिन्नस राहिले नाहीत, म्हणून भेट म्हणून देण्याजोगे झाले.

वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या. सदनिकांच्या मालकीविषयीचा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० चा. पेठेतली माणसे कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी अशा उपनगरांत गेली. चौकापलीकडची वाटी आता स्कूटरच्या डिकीतून पाच-सात किलोमीटर जायची होती, आणि वाटीला हे जमत नाही. घट्ट झाकणाची बरणी भेटीचे पात्र बनली यामागे चव, सौंदर्य यांपेक्षा हे अंतर अधिक आहे.

जुनी बरणी नव्या पदार्थाला तयार करणे हेही एक छोटे शास्त्र आहे. वेष्टनाचा कागद कोमट पाण्यात भिजवून निघतो. मागे राहिलेला डिंक खोबरेल तेल आणि खाण्याच्या सोड्याने घासावा लागतो. काच वास धरत नाही, झाकण धरते: आतल्या चकतीत कॉफी किंवा व्हिनेगर महिनोन्महिने दरवळत राहते, आणि तूप तो वास ताबडतोब उचलते. पत्र्याचे झाकण खाराने गंजते, म्हणून जाणत्या बायका झाकणाखाली बटर पेपर घालतात आणि काठोकाठ भरत नाहीत. गरम साखरांबा थंड बरणीत ओतला की आतली बाजू एकदम प्रसरण पावते, बाहेरची पावत नाही, आणि बरणी तडकते; ओल्या फडक्यावर ठेवून, आत धातूचा चमचा उभा करून हा धोका कमी करतात. पाण्याचा एक थेंब आत राहिला तर वरची सगळी मेहनत वाया जाते. तेव्हा शेवटचे काम उन्हाचेच.

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टिकने काचेला मागे सारले. हलक्या, न फुटणाऱ्या बरण्या स्वस्तात मिळू लागल्या, पेयांच्या भुकट्या पिशव्यांतून येऊ लागल्या, आणि परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत वजनाच्या हिशेबामुळे काचेला जागाच उरली नाही. त्यांचे मेतकूट दुहेरी पिशवीतून गेले. २३ मार्च २०१८ च्या महाराष्ट्र शासनाच्या अधिसूचनेने पिशव्या आणि थर्माकोलसह अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. बरण्या तिच्यात नव्हत्या, तरी प्लास्टिकबद्दलची नापसंती त्यानंतर उघड बोलली जाऊ लागली. विकायची बरणी भेटीच्या बरणीपासून वेगळी पडली होती ती त्याआधीच: ऑगस्ट २०११ पासून अन्नसुरक्षेचे नियम अमलात आल्यावर घरगुती पदार्थ विकणाऱ्यांनाही नोंदणी लागू झाली. विक्रीच्या बरणीवर घटक, तारीख, नोंदणी क्रमांक हवा. भेटीच्या बरणीवर यातले काही नसते. फार तर ‘मोरावळा, पौष’ अशी चिकटपट्टीवरची बॉलपेनची नोंद. घर आणि धंदा यांची सीमा पुण्यात पुष्कळदा या चिकटपट्टीवरून ओळखू येते.

अलीकडे काच परतली आहे, थोडी नटून. सुतळीची गाठ, झाकणावर कापडाचा गोल तुकडा, हाताने रंगवलेली चिठ्ठी अशा बरण्या दिवाळीत आणि बारशा-मुंजीला दिल्या जातात. त्यासाठी पुष्कळजण बोहरी आळीतल्या बाजारातून नव्या कोऱ्या बरण्या डझनाने आणतात आणि त्या जुन्या दिसाव्यात अशी सजवतात. इथे बरणी पूर्णपणे घेणाऱ्याची झाली. ती परत आली तर देणारा अवघडतो.

ज्या बरण्या कोणालाच नको असतात त्यांचाही पुण्यात एक हिशेब आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने इथे कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेच्या करारावर घरोघरचा कचरा उचलते. वेचलेली काच भंगाराच्या दुकानात दोन तऱ्हांनी मोजली जाते. बियरसारख्या ठरावीक मापाच्या अखंड बाटल्या पुन्हा भरण्यासाठी जातात, म्हणून त्या नगावर. जाम, लोणचे, कॉफीच्या बरण्यांची मापे कंपनीगणिक वेगळी, पुन्हा भरणारे गिऱ्हाईक नाही. त्या फुटक्या काचेबरोबर वजनावर जातात आणि भट्टीत वितळतात. जुन्या काचेचा चुरा घातला की नवी काच कमी तापमानाला रस धरते, एवढाच तिचा तिथे भाव.