परतीची वाट

धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला निघालेल्या जुन्या जीपचा पेट्रोलचा काटा खोटे सांगू लागला, तर वाटेत अडकण्याची पाळी येते. दोष काट्याच्या माथी मारण्याआधी विद्युतप्रवाहाची परतीची वाट तपासावी. जुन्या मोटारीत बहुतेक ठिकाणी तार एकच असते; परतीचे काम लोखंडी सांगाडा करतो.

युक्ती तारायंत्राच्या काळातली. परतीच्या तारेऐवजी जमीन चालते, हे म्युनिकच्या श्टाइनहाइलने १८३८ मध्ये दाखवले. १८३९ मध्ये ओशॉघ्नेसीने कलकत्त्याजवळ हुगळीच्या पाण्यातूनच विद्युत परिपथ पूर्ण केला. रबरी टायरांमुळे जमिनीपासून अलग राहिलेल्या सांगाड्यालाही मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात, तो याच वारशाने.

टाकीतला तरंगक पेट्रोलच्या पातळीनुसार रोध बदलतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. टाकी व सांगाडा यांच्यामधल्या सांध्याला गंज चढला, की गंजाचा रोधही त्यात मिळतो. किल्ली बंद ठेवून टाकीचा धातू आणि सांगाडा चांगल्या तारेने जोडावा. किल्ली फिरवल्यावर काटा ठीक दाखवू लागला, तर दोष सांध्याचा. नव्या काट्याचा खर्च वाचला!

वर्गात सेल, छोटा बल्ब आणि गंजलेला खिळा एवढ्यावर हे दाखवता येते. खिळा घासण्यापूर्वी व नंतरचा उजेड विद्यार्थ्यांनीच पाहावा.