बहात्तर सेकंद आणि एक महिना

परवा शेजारचा एक मुलगा शिष्यवृत्तीचा सराव संच घेऊन माझ्याकडे आला. सोबत आईचा मोबाइल, वेळ लावायला. ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं. मी सवयीने भागाकार केला. एका प्रश्नाला ७२ सेकंद! प्रश्न वाचायचा, चार पर्याय बघायचे, गोल काळा करायचा आणि पुढे पळायचं.

मला हसता येईना, कारण हे पळणं मीच कित्येक वर्षं शिकवलं आहे. शाळा सुटल्यावर जादा तास, रविवारी सराव परीक्षा. "अडलं की सोडून द्या, पुढे चला" हा माझा मंत्र. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, आकड्यांची बेरीज करून ९ ने भाग जातो की नाही ते कळतं, पण का कळतं?" मी म्हटलं, "का ते नंतर बघू, आधी संच पुरा कर." तिला शिष्यवृत्ती मिळाली, फलकावर नावही लागलं. ते 'नंतर' मात्र कधी आलं नाही. ही गोष्ट अजून टोचते.

मुलांना गणिताच्या स्पर्धेसाठी तयार करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे पाहायचं तर सव्वाशे वर्षं मागे हंगेरीत जावं लागतं. ज्यॉर नावाच्या गावी दानिएल अरन्य नावाचे एक शाळामास्तर होते. १८९४ साली त्यांनी माध्यमिक शाळांसाठी एक गणित मासिक सुरू केलं. पुढे ते 'कोमाल' या आद्याक्षरी नावाने प्रसिद्ध झालं. पद्धत अगदी साधी. दर अंकात काही उदाहरणं छापायची. मुलांनी ती घरी बसून सोडवायची आणि उत्तरं टपालाने धाडायची. त्यांतल्या उत्तम रीती मुलाच्या आणि शाळेच्या नावासकट पुढे छापून यायच्या. काही वर्षांनी चांगली उत्तरं पाठवणाऱ्या मुलांचे फोटोही छापू लागले. कुठल्याशा लहान गावातल्या मुलाला कळायचं, की आपल्यासारखाच वेडा आणखी एक जण दुसऱ्या गावात आहे.

त्याच १८९४ साली भौतिकशास्त्रज्ञ लोरांड एत्व्हश हंगेरीचे शिक्षणमंत्री झाले. ते तिथल्या गणित आणि भौतिकी मंडळाचे अध्यक्षही होते. त्यांच्या सन्मानार्थ मंडळाने शाळा नुकतीच संपवलेल्या मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. प्रश्न फक्त तीन, आणि सोबत पुस्तकं, वह्या नेण्याची मुभा. म्हणजे पाठांतराचा काही उपयोगच नाही.

पहिल्या वर्षीचा पहिला प्रश्न पाहा. क्ष आणि य या पूर्ण संख्या असतील तर २क्ष + ३य ला १७ ने भाग जातो तेव्हा ९क्ष + ५य लाही जातो, आणि दुसरीला जातो तेव्हा पहिलीलाही जातो, हे सिद्ध करा. आपल्या आठवीच्या मुलालाही प्रश्न कळेल. युक्ती एवढीच, की पहिल्या राशीची चौपट करून तिच्यात दुसरी मिळवायची. ८क्ष + १२य आणि ९क्ष + ५य मिळून १७क्ष + १७य. या बेरजेला १७ ने भाग जातोच! मग एकीला जात असेल तर दुसरीला जाणारच. (चौपटीला भाग जातो तेव्हा मूळ राशीलाही जातो, कारण ४ आणि १७ यांत सामाईक अवयव नाही.) दोन ओळींचं उत्तर. पण या दोन ओळींपर्यंत पोचायला बराच वेळ चाचपडावं लागतं, आणि खरं शिक्षण त्या चाचपडण्यातच होतं.

'कोमाल'चं संपादन १८९६ पासून १९१४ पर्यंत लास्लो राट्स यांनी केलं. हेही शिक्षकच, बुडापेस्टच्या एका लुथेरन शाळेतले. त्यांच्या हाताखालून जॉन फॉन नॉयमन आणि यूजीन विग्नर गेले. नॉयमनची झेप ओळखून राट्स सर त्याच्या वडिलांशी बोलले आणि विद्यापीठातल्या गणितज्ञांकडे त्याच्या वेगळ्या शिकवणीची सोय झाली. शिकवणाऱ्यांमध्ये गाबोर सेगो होते. ते स्वतः १९१२ सालचे स्पर्धेचे विजेते. विग्नर यांना १९६३ साली नोबेल मिळालं. अमेरिकेत प्रिन्स्टनला त्यांच्या खोलीत राट्स सरांचा फोटो लावलेला असे. हंगेरीत आज उत्तम शिक्षकांना जो पुरस्कार देतात, त्याचं नाव भाषांतर केलं तर चक्क 'राट्स सर जीवनगौरव पुरस्कार' असं होतं. नुसतं राट्स नव्हे, राट्स सर!

जॉर्ज पोल्याही या स्पर्धेला बसले होते. त्यांनी आपला पेपर दिलाच नाही, तसेच उठून गेले. पुढे याच माणसाने १९४५ साली उदाहरण कसं सोडवावं यावर जगभर गाजलेलं पुस्तक लिहिलं. म्हणजे त्या दिवशीच्या निकालावरून पोल्यांची पारख झाली नसती.

हंगेरीचं हे लोण हळूहळू पसरलं. १९५९ साली रुमानियात पहिलं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड झालं, तेव्हा देश होते सात. भारताचा संघ पहिल्यांदा गेला १९८९ साली, आणि १९९६ साली ऑलिम्पियाड आपल्या मुंबईतच भरलं. आजही तिथे दोन दिवस रोज तीन प्रश्न आणि साडेचार तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास. 'कोमाल'च्या मुलांना तर घरी कित्येक दिवस मिळायचे. आणि आमचे ७२ सेकंद!

शिष्यवृत्तीला मी नावं ठेवत नाही. तिच्या पैशांवर गरिबांची मुलं शिकलेली मी पाहिली आहेत. वेगही लागतोच. चूक माझी होती. परीक्षा ७२ सेकंदांची होती, म्हणून मी वर्षभराचं शिकवणंही ७२ सेकंदांचं करून टाकलं. राट्स सरांच्या मुलांनाही स्पर्धा होतीच, पण तयारी मात्र सावकाश चालायची.

असो. शेजारच्या त्या मुलाला मी ते १७ चं उदाहरण दिलं. मोबाइल आईकडे परत पाठवला. तीन दिवसांनी तो दोन पानं भरून आकडे घेऊन आला. पहिली राशी १७ केली की दुसरी कधी ६८ येते, कधी ५१, कधी ३४. "आजोबा, दर वेळी भाग जातोच. पण का?"

मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, "शोध. महिनाभर वेळ आहे."